कुंपणाच्या आतून : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र मंडळ, न्यू जर्सी
(गावाचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.)

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मंडळाच्या सर्व सभासदांना आपल्या सहीचे एक आवाहन आले. गावातील बंद पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागेवर २४० सदनिका बांधण्याचा प्रस्ताव टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाच्या, प्लॅनिंग बोर्डापुढे आहे आणि त्यांपैकी ४८ सदनिका कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव आहेत. त्याला विरोध करण्यासाठी मराठी कुटुंबांनी सुनावणीला मोठ्या संख्येने यावे, असे त्यात म्हटले होते. सोबत सह्यांसाठी निवेदनाचा मसुदा होता. गणपतीच्या आरतीची वेळ ज्या व्हॉट्सॲप समूहावर कळते, त्याच समूहावर तो दोन दिवसांत चारदा फिरला. ‘आपली कष्टाची घरे’, ‘गावाचे स्वरूप’ आणि ‘बाहेरून येणारे लोक’ हे त्यातले शब्द. मी सही केली नाही, आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटले होते. पुढे कळले की ते निवेदन ‘गावातील समस्त मराठी समाजाच्या वतीने’ बोर्डाकडे गेले आहे. त्या समस्तांत मीही येते. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे.

मी कोणी बाहेरची टीकाकार नाही. १९९७ मध्ये मी एच-वन व्हिसावर पुण्याहून आले, २००४ मध्ये आम्ही या गावात घर घेतले आणि दोन वर्षे मी या मंडळाची खजिनदार होते. कोजागरीचे दूध किती गॅलन लागते आणि हायस्कूलच्या सभागृहाचे भाडे वेळेत भरले नाही तर काय होते, हे मला पाठ आहे. आवाहनावर सही करणाऱ्यांपैकी दोघांनी माझ्या आजारपणात आमच्या घरी तीन आठवडे डबा पोहोचवला होता. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. चांगल्या माणसांनी हे निवेदन केले, हीच माझी अडचण आहे.

माझा या विषयाशी संबंध एका कागदापासून सुरू होतो. घराच्या व्यवहाराच्या वेळी वकिलाने जुन्या खरेदीखतांच्या प्रती एका फाइलमध्ये घालून दिल्या होत्या. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर, पोळ्यांचा डबा बाजूला सारून, मी त्या चाळत बसले होते. त्यात १९४१ चे, टाइपरायटरवरचे एक पान होते, त्यातल्या ‘ओ’ या अक्षराचे पोट शाईने भरून गेलेले. नाल्याची रुंदी, कुंपणाची उंची, कोंबड्या पाळण्यास मनाई, आणि या सर्वांच्या खाली, त्याच सुरात, सहावे कलम : गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणत्याही वंशाच्या व्यक्तीस ही जागा विकू, भाड्याने देऊ वा वापरू देऊ नये, मालकाच्या घरी कामास असलेले नोकर मात्र यास अपवाद. माझा नवरा हसून म्हणाला, “म्हणजे आपण इथे नोकर म्हणून राहू शकलो असतो.” दुसऱ्या दिवशी वकिलानेही सांगितले की ते कलम कधीच मेले आहे, लक्ष देऊ नका. त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. अशी कलमे न्यायालयाने अंमलात आणायची नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवले आणि १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला वर्णभेदच बेकायदा ठरला.

तरीही मी लक्ष दिले, कारण प्रश्न १९४१ पासून १९६८ पर्यंतच्या सत्तावीस वर्षांचा होता. त्या काळात आमच्या घरात राहून गेलेला माणूस दुष्ट असेल, असे मानायला काही कारण नाही. गिरणीत किंवा विमा कचेरीत नोकरी करणारा एखादा साधा गृहस्थ असेल. सगळे जिथे सही करत होते तिथे त्याने सही केली. त्याच्यासारख्यांना फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी खात्याने, हमी दिलेले दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू शकत होते. कृष्णवर्णीय वस्त्यांना तेच खाते जोखमीच्या ठरवून हमी नाकारत होते. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये सवलतीचा कायदा झाला, त्यातली गृहकर्जेही व्यवहारात बहुतांशी गोऱ्या सैनिकांच्याच पदरी पडली. घराची किंमत वाढली, त्यावर मुलाचे कॉलेज झाले, मुलाला वारसा मिळाला. त्या मुलाने आयुष्यात कोणाचा द्वेष केला नसेल, पण त्याची सुरुवात इतरांच्या पुढच्या मैलापासून झाली. गोरेपणाचा विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तो स्वभावात शोधून सापडत नाही. तो खरेदीखतांत, कर्जाच्या फाइलींत आणि मृत्युपत्रांत सापडतो.

हे दूर अमेरिकेच्या दक्षिणेत घडले, असे समजून आपण सुटकेचा नि:श्वास टाकू नये. उपनगरे बांधणाऱ्या विल्यम लेविट यांनी आपल्याच राज्यात, बर्लिंग्टन काउंटीत, हजारो घरांची वसाहत उभारताना १९५८ मध्ये जाहीर सांगितले होते की तेथे घरे फक्त गोऱ्यांना विकली जातील. घर नाकारलेल्या एका कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्याने दाद मागितली, तेव्हा १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने लेविट यांना अडवले. त्या निकालाचा आधार फार साधा होता : ही घरे सरकारी हमीच्या कर्जावर विकली जातात, मग ती खासगी मामला कशी?

आता आपल्या निवेदनाकडे येते. माझे पहिले गाऱ्हाणे ‘कष्टाची घरे’ या शब्दांबद्दल आहे. कष्ट आपण केलेच. दोन-दोन नोकऱ्या, थंडीतल्या बसगाड्या, ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षांची रांग, हे सगळे मी पाहिले आणि भोगले आहे. पण कष्ट करायला या देशात यायची परवानगी कोणी मिळवून दिली? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या पंजाबी गृहस्थांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आपण आर्य, उच्चवर्णीय, म्हणून गोऱ्यांतच गणले जावे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. गोरा अमेरिकन जसा विवाहसंबंधात कृष्णवर्णीयांपासून दूर राहतो तसा उच्चवर्णीय हिंदूही खालच्यांपासून दूर राहतो, हेही गोरेपणाचा पुरावा म्हणून मांडले गेले. न्यायालयाने एकमताने नकार दिला आणि त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. जातीचा दाखला दाखवून गोऱ्यांच्या पंक्तीत पाट मागितला आणि मिळाला नाही, अशी ती गोष्ट आहे. पुढे १९४६ मध्ये दार थोडे उघडले ते वर्षाला १०० भारतीयांपुरते.

दार खऱ्या अर्थाने उघडले ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जेव्हा मूळ देशावरून ठरणारा जुना कोटा रद्द करणारा कायदा झाला. त्याच वर्षी ७ मार्चला अलाबामातील सेल्माच्या पुलावर, मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पोलिसांच्या लाठीने कृष्णवर्णीय कार्यकर्ते जॉन लुईस यांची कवटी फुटली होती, आणि त्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच अध्यक्षांच्या सहीने, ६ ऑगस्टला मतदानहक्काचा कायदा केला होता. वंशावरून माणसाची प्रतवारी करणे लाजिरवाणे आहे, हे ज्यांनी मार खाऊन या देशाला पटवले, त्यांच्या चळवळीच्या वाऱ्यानेच आपलेही दार उघडले. आपण मात्र आत येताना आपली पदवी तेवढी पाहिली. पदवीचेही सांगते : माझ्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी काही शे रुपये होती, बाकीचा खर्च करदात्यांचा, आणि तिथवर पोहोचायला आजोबांपासून चालत आलेले शिकलेले घर होते. नव्या कायद्याने कुशल आणि शिकलेल्यांना पसंती दिली. चाळणीतून निवडून आलेल्यांनी, ज्यांना कोणी कधी चाळणीच लावली नाही, फक्त लाथाडले, त्यांच्याशी आपली तुलना करून स्वत:ची पाठ थोपटणे मला बरे वाटत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे उतरंडीत बरोबर मधल्या कुटुंबाची) संपत्ती २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर आणि आशियाई कुटुंबाची ५,३६,००० डॉलर होती. आशियाई या एका शब्दात फार वेगवेगळी माणसे कोंबलेली आहेत हे मान्य. परंतु आपल्या गावातील मराठी घरे त्यांतल्या कोणत्या टोकाची आहेत, हे खजिनदार म्हणून देणग्यांच्या पावत्या फाडलेल्या बाईला सांगायला नको.

दुसरे गाऱ्हाणे ‘बाहेरून येणारे लोक’ या शब्दांबद्दल. बर्लिंग्टन काउंटीतच माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. एथेल लॉरेन्स यांचे कृष्णवर्णीय कुटुंब तेथे कित्येक पिढ्या राहत होते. १९७० च्या सुमारास तेथील गरीब कुटुंबांसाठी फक्त ३६ सदनिका बांधण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा टाउनशिपने झोनिंग, म्हणजे कोणत्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम, बदलण्यास नकार दिला. ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा अर्थाचे महापौरांनी त्यांना त्यांच्याच चर्चमध्ये येऊन ऐकवले. म्हणजे पिढ्यानपिढ्यांचे गावकरी बाहेरचे ठरले आणि काल आलेले गावाचे स्वरूप राखणारे झाले. त्यांचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रदेशातील कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना लागणाऱ्या घरांतला आपला वाजवी वाटा उचलण्यास वाव मिळेल असेच झोनिंग प्रत्येक गावाने ठेवले पाहिजे. श्रीमंत गावांनी त्यातूनही वाट काढली : आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या, बहुधा गरीब, शहराच्या माथी मारण्याची सोय २००८ पर्यंत कायद्यातच होती. २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांचा वाटा नव्याने ठरवण्यात आला. आपल्या गावातील ४८ घरे त्या वाट्यातली आहेत. कोणी उपकार करत नाही आणि कोणी घुसखोरीही करत नाही.

या घरांत कोण येईल, हे आवाहनात कोठेही लिहिलेले नाही. वाचणाऱ्याच्या मनात एक चित्र आपोआप उभे राहावे, अशी सोय तेवढी केली आहे. प्रदेशाच्या मध्यक उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या आतली कुटुंबे यासाठी पात्र असतात. आपल्या मुलांची स्कूल बस चालवणारी बाई, गेल्या वर्षी आपल्यापैकी एकाच्या आईला वॉकर धरून चालायला शिकवणारी रुग्णालयातली मदतनीस, आणि नव्याने नोकरीला लागलेली आपलीच मुले या हिशेबात बसतात. मंडळ दर दिवाळीला फूड बँकेला धनादेश देते आणि त्याचा फोटो काढते. त्या फूड बँकेच्या रांगेतले कुटुंब आपल्या गल्लीत भाड्याने राहायला आले की त्याच मंडळाने निवेदन काढावे, हे मला समजत नाही.

घरांच्या किमतींबद्दल थोडक्यात. माउंट लॉरेलमधील १४० भाड्याची घरे अखेर उभी राहिली ती खटला सुरू झाल्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, आणि एथेल लॉरेन्स ती पाहायला राहिल्या नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वस्तीचा आजूबाजूच्या गावांशी ताडून अभ्यास केला. घरांच्या किमती, गुन्हे आणि कर यांपैकी कशावरही वाईट परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. रहदारी, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि शाळेतल्या जागा हे प्रश्न मात्र खरे आहेत आणि ते विचारायलाच हवेत. पण ते २४० घरांचे प्रश्न आहेत. आपण बोट ठेवले ते ४८ वर.

मंडळाच्या घटनेप्रमाणे असे निवेदन सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला हवे होते. ते झाले नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

“आपण गोरे नाही, मग गोऱ्यांच्या पापाचा हिशेब आपल्याकडे का?” असे कार्यकारिणीतील एकाने मला फोनवर विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. दोष आपला नाहीच. १९४१ मध्ये आपण इथे नव्हतो, आणि ज्यांनी ते कलम लिहिले त्यांनी आपल्यालाही दारात उभे केले नसते. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याचे, भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी देणारे पत्र वर्तमानपत्रात छापून आले होते आणि साडी-कुंकवातल्या बायकांना रस्त्यावर फिरणे कठीण झाले होते; नको असलेला शेजारी म्हणजे काय, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना विचारा. पण दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. घर वारशाने घेणारा त्यावरचे कर्जही घेतो, आणि हे घर आपण बाजारभावाने विकत घेतले असले तरी त्या भावात चांगली शाळा, सावलीचे रस्ते आणि इतरांना दूर ठेवण्याची सत्तर वर्षांची शिस्त, सगळे धरलेले होते. कुंपण आपण घातले नाही हे खरे. आता ते दुरुस्त करायला मात्र आपण वर्गणी काढत आहोत.

आणि कुंपण आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मी ज्या घरात वाढले तेथे आडनाव विचारून भाडेकरू ठेवत असत, आणि आजी त्याला ‘माणसे पाहून ठेवणे’ म्हणत असे. आम्हाला त्यात अन्याय दिसला नाही, कारण तो आमच्यावर होत नव्हता. डॉ. आंबेडकर येथून तासाभरावरच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना, आणि पारशी धर्मशाळेत मिळालेली जागाही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने सोडायला लावली. दर १४ एप्रिलला मंडळाच्या पानावर त्यांचा फोटो लागतो. त्यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. त्याहीपूर्वी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना जे नाते दिसले, ते न्यू जर्सीत राहून आपल्याला दिसू नये? जात आणि वंश एक नव्हेत, त्यांचा इतिहास वेगळा आहे, हे मी जाणते. पण आपल्या वधू-वर नोंदणीच्या अर्जात आजही ‘पोटजात’ हा रकाना आहे आणि त्याखाली ‘रंग : गोरा / निमगोरा / गव्हाळ / सावळा’ असे चार चौकोन आहेत. थिंड यांच्या वकिलांना तो अर्ज उपयोगी पडला असता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. कार्यकारिणीने ते निवेदन मागे घ्यावे, आणि ते सभासदांच्या संमतीवाचून पाठवले गेले होते असे बोर्डाला लेखी कळवावे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी तो स्वत:च्या नावाने खुशाल करावा. ‘समस्त मराठी समाज’ हे शब्द कोणाच्या खिशातले नाहीत. तीस दिवसांच्या आत सर्वसाधारण सभा बोलावून हा एकच विषय ठेवावा, आणि परवडणाऱ्या घरांत आज राहत असलेल्या एक-दोन कुटुंबांना तेथे बोलण्याची विनंती करावी. मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाला या गावाचा आणि १९६५ च्या कायद्याचा इतिहास एका शनिवारी तरी शिकवावा. शिकवणारे कोणी नसेल तर मी येईन. वधू-वर अर्जातले ते दोन रकाने पुढच्या छपाईपूर्वी काढावेत. त्यासाठी सभेचीही गरज नाही, सहचिटणिसांच्या संगणकावर पाच मिनिटांचे काम आहे.

यातले काही मान्य नसेल तर सभेत तसे सांगावे. मी ऐकून घेईन आणि मंडळ सोडणार नाही. सभेची तारीख तेवढी कळवावी. येताना मी १९४१ च्या त्या पानाच्या प्रती घेऊन येईन. पन्नास पुरतील की जास्त लागतील, ते चिटणिसांनी सांगावे.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद